गॅस बारीक केला की आत नेमकं काय होतं?

गॅस बारीक असताना बंद करायला बटण फिरवलं की ज्योत आधी एकदम मोठी होते आणि मग विझते. विझताना कधी कधी 'फट्' असा आवाजही येतो. दिवसातून दहा वेळा आपण हे बघतो आणि पुढच्या कामाला लागतो. मला त्याचं कारण कळलं ते आमच्या शेगडीचं डावीकडचं बटण जड झालं तेव्हा. दुरुस्तीला आलेल्या काकांनी आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून शेगडी उलटी ठेवली, बटण ओढून काढलं, दोन स्क्रू सोडवले आणि आतला एक पितळी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "हे बघा ताई, तुमचा गॅस मोठा-बारीक करणारा हा एवढाच."

करंगळीच्या पेराएवढा शंकू. वर जाड, खाली निमुळता, अंगावर काळपट आणि वाळून घट्ट झालेलं ग्रीस. फडक्याने पुसल्यावर त्याच्या एका अंगाला ठसठशीत भोक दिसलं. तोच शंकू बोटांत पाव फेरा फिरवला तर आणखी एक भोक, पण ते सुईच्या टोकाएवढं. खिडकीच्या उजेडाकडे धरल्याशिवाय दिसेना. शेगडीत हा शंकू पितळेच्याच घरात चपखल बसलेला असतो, स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि दोघांच्या मधे ग्रीसचा पातळ थर असतो. दुकानात या सगळ्याला मिळून कॉक म्हणतात. आपण बटण फिरवतो तेव्हा हा शंकू फिरतो. मोठं भोक गॅसच्या वाटेसमोर आलं की फुल्ल, बारीक भोक आलं की सिम, भोक नसलेली बाजू आली की बंद.

आता त्यांचा क्रम बघा. बहुतेक शेगड्यांत बंद, मग फुल्ल, मग शेवटी सिम असा तो असतो. म्हणजे सिमवरून बंदकडे जायचं तर मोठ्या भोकावरूनच जावं लागतं. तो क्षणभराचा भडका म्हणजे वाटेत लागलेलं मोठं भोक. हा क्रम विचार करून ठेवलेला आहे. लायटर लावताना गॅस जोरात येत असेल तर पहिल्याच ठिणगीला पेटतो. शिवाय सिम ही शेवटची, अडणारी जागा असल्याने भाजी ढवळता ढवळता न बघताही हात तिथे बरोबर जाऊन थांबतो. बटण आधी आत दाबावं लागतं तेही एवढ्यासाठीच की पदर, ओढणी किंवा एखादं फडकं अडकून ते आपोआप फिरू नये.

पण भोक लहान झालं की ज्योत लहान होते, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्यासाठी सिलिंडरपासून निघायला हवं.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो तो द्रवाच्या रूपात, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. द्रवाच्या वरच्या जागेत त्याची वाफ साठलेली असते आणि ती वाफच शेगडीकडे येते. या वाफेचा दाब द्रव किती उरलाय यापेक्षा तो किती गरम आहे यावर ठरतो. म्हणून सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, दाब फारसा बदलत नाही. द्रव संपला की मग मात्र ज्योत बघता बघता खाली येते. ज्योत आठ-आठ दिवस मलूल असेल तर दोष सिलिंडरचा नाही, पुढे कुठेतरी कचरा अडकलाय. आणि शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा करायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती कृपा करून सोडा. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो. एक लिटर द्रवाची अडीचशे लिटरच्या आसपास वाफ होते. रेग्युलेटर वाफेसाठी बनवलेला आहे, द्रवासाठी नाही, आणि मग शेगडीवर अचानक छातीएवढा जाळ उठू शकतो.

सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, उन्हाळ्यात आणखी जास्त. रेग्युलेटरमध्ये एक रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. पुढे दाब वाढला की पडदा उचलला जाऊन वाट अरुंद होते, दाब घटला की वाट मोकळी होते. माघ असो की वैशाख, शेगडीकडे जाणारा दाब तो एकसारखा ठेवतो. हा दाब किती? तीस सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. नळी पाण्यात तीस सेंटीमीटर खोल बुडवून फुंकर घातली आणि टोकाशी बुडबुडे आले, की तुमच्या तोंडाने तेवढा दाब दिला. गॅसचं नाव काढलं की आपल्याला स्फोट आठवतो, पण नारिंगी नळीतून येणारा गॅस आपल्या फुंकरीएवढ्याच जोराचा असतो. आणखी एक. रेग्युलेटरचं बटण चालू-बंद करण्यासाठी आहे. ते अर्धवट फिरवून ज्योत लहान करायचा प्रयत्न करू नये.

आता खरी गंमत. कॉकमधून निघालेला गॅस थेट बर्नरमध्ये जात नाही. त्याच्या तोंडाशी एक बारीक पितळी जेट असतो आणि त्याला साधारण ०.७ मिलिमीटरचं भोक असतं, बर्नरच्या आकाराप्रमाणे थोडं कमी-जास्त. फुंकरीएवढा दाब, पण भोक इतकं बारीक की गॅस त्यातून सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. ताशी १८० किलोमीटर! हा झोत बर्नरच्या नळीत घुसताना आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून नेतो. म्हणून जेट आणि नळी यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. पंखा नाही, पंप नाही, गॅस स्वतःच्या वेगाने स्वतःला लागणारी हवा घेऊन जातो. जर्मनीत हायडेलबर्ग इथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास हीच युक्ती वापरून दिवा तयार झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यावर आपण परीक्षानळी तापवली तो हाच, आणि ओट्यावरची शेगडी त्याचीच पुढची पिढी.

म्हणजे गॅसच्या वाटेत दोन अरुंद जागा झाल्या: आधी कॉकचं भोक, मग जेटचं. बटण फुल्लवर असतं तेव्हा कॉकचं भोक जेटच्या मानाने इतकं मोठं असतं की ते असून नसल्यासारखंच. किती गॅस जाणार हे एकटा जेट ठरवतो. म्हणूनच फुल्लवरून बटण थोडं फिरवलं तर ज्योत ढिम्म हलत नाही. आणखी फिरवलं तरी फारसा फरक नाही. आणि मग एका ठरावीक जागी ती झरकन खाली येते. बटण बिघडलंय असं वाटतं, पण ते तसं नसतं. तिथे कॉकची वाट जेटच्या भोकाइतकी अरुंद झालेली असते आणि आता खेचाखेच सुरू होते. तीस सेंटीमीटरच्या दाबातला बराचसा कॉकपाशीच खर्च होतो, जेटच्या वाट्याला थोडाच उरतो.

आणि जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या सरळ प्रमाणात घटत नाही. जेटपाशी दाब पाव झाला तर गॅस निम्मा होतो. गॅस पाव करायचा असेल तर दाब सोळावा हिस्सा करावा लागतो, म्हणजे तिसाऐवजी जेमतेम दोन सेंटीमीटर. आपला कुकरखालचा सिम साधारण याच घरात असतो. म्हणून अर्धं बटण फिरवलं की अर्धी ज्योत, हा हिशोब कुठल्याच शेगडीवर जमत नाही. बटणाकडे बघून आच ठरवता येत नाही, वाकून ज्योतीकडे बघावं लागतं. आमच्या आयांच्या पिढीच्या बायका तेच करत आल्या आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

मग सिमवर ज्योत पिवळी का पडत नाही? कारण गॅसचा वेग घटला की त्याने ओढून नेलेली हवाही जवळपास त्याच प्रमाणात घटते. मिश्रण तेच राहतं, मापटं लहान होतं. ज्योत निळीच राहते. मोठी असो की बारीक, ज्योत पिवळी आणि लोंबणारी दिसत असेल तर हवा कमी पडतेय. बर्नरच्या नळीत दुधाची साय, झुरळाची घाण नाही तर कोळ्याचं जाळं अडकलेलं असणार. पातेल्यांची बुडं काळी होतात ती याच पिवळ्या ज्योतीतल्या काजळीने. अधूनमधून केशरी ठिणग्या दिसल्या तर काळजी नको, ती सांडलेल्या मिठाची किंवा धुळीची करामत असते.

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले. बारीक ज्योत ही थंड ज्योत नसते. मिश्रण तेच, जळणं तेच, त्यामुळे निळ्या ज्योतीचं तापमानही जवळपास तेच. सर्वांत गरम जागी ते दीड हजार अंशांच्या बरंच वर असतं. सिमवरची एवढीशी ज्योत बोटाला तितकीच भाजते. बटण तापमान बदलत नाही, दर सेकंदाला किती उष्णता द्यायची ते बदलतं.

मोरीत तळाला भोक पडलेली बादली नळाखाली लावा. नळ जोरात सोडला तर पाणी वरपर्यंत चढतं, बारीक सोडला तर थोडं चढून एका जागी थांबतं. जेवढं येतं तेवढंच गळतं म्हणून थांबतं. रिकाम्या तव्याचं तापमान म्हणजे ही पाण्याची पातळी. खालून ज्योत उष्णता ओततेय, वरून आणि कडांनी ती हवेत जातेय. ज्योत मोठी असेल तर तवा जास्त तापून थांबतो, बारीक असेल तर कमी तापून थांबतो. पोळी करपते की कच्ची राहते ते या पातळीवर ठरतं.

पातेल्यात पाणी असलं की मात्र पातळीला छत लागतं. पाणी उकळलं की १०० अंशांवर थांबतं, डोंगरावर त्याहून थोडं खाली. पुढे कितीही जाळ लावा, बटाटे लवकर शिजत नाहीत, वाफ जास्त होते. याचा हिशोब करून बघा. आपल्या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीने गॅसच्या उष्णतेतली किमान ६८ टक्के भांड्यात पोचवायला हवी. एक ग्रॅम गॅस सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता देतो. त्या हिशोबाने एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण १० ग्रॅम गॅस लागतो. तेच एक लिटर पाणी पूर्ण आटवायला आणखी ७२ ग्रॅम! उकळी आल्यावर झाकण ठेवून गॅस बारीक करायचा तो यासाठी. उकळी येईपर्यंत मात्र फुल्ल ठेवायला काही हरकत नाही, फक्त ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जाऊन कडांना चाटायला लागली की तेवढा गॅस खोली तापवण्यात जातो.

कुकरमध्ये छत वर सरकवलेलं असतं. शिट्टीच्या वजनामुळे आतला दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण तेही छतच. एकदा शिट्टीला आलं की मोठ्या गॅसने तुरीची डाळ अधिक गरम होत नाही, फक्त शिट्ट्या जास्त होतात आणि वरणाचं पाणी कुकरच्या झाकणावर उडतं. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजून शिजवलं तर डाळ तेवढीच मऊ होते. शिट्ट्या मोजून शिजवायची पद्धत मला म्हणूनच फारशी पटत नाही. माझ्या मोठ्या गॅसवरच्या तीन शिट्ट्या आणि शेजारणीच्या सिमवरच्या तीन शिट्ट्या यांत मिनिटांचा फरक असतो.

बासुंदी मात्र सिमवरही लागते, ती का? पातेलं घासायला घ्याल तेव्हा बुडाची खूण बघा. करपलेलं गोल कडं असतं, मधे बऱ्याचदा स्वच्छ. ते कडं म्हणजे बर्नरच्या भोकांचा छाप. ज्योत लहान झाली तरी ती तितकीच गरम असते आणि सिमवर सगळी उष्णता त्या छोट्या कड्यातच येते. पातळ बुडाचं पातेलं ती बाजूला पसरवत नाही, तिथल्या तिथे दुधाला देतं. जाड बुडाचं पातेलं किंवा खाली ठेवलेला लोखंडी तवा ती उष्णता पसरवतो. ज्या पाककृतीत नुसतं 'मंद आचेवर वीस मिनिटं' लिहिलेलं असतं, तिथे निम्मीच माहिती दिलेली असते. कोणत्या बर्नरवर आणि कसल्या बुडाच्या भांड्यात, हे राहून गेलेलं असतं.

गॅस किती बारीक करता येईल यालाही मर्यादा आहे. बर्नरच्या भोकातून मिश्रण वर येतं आणि ज्योत खाली जळत जायला बघते. दोघांची बरोबरी झाली की ज्योत भोकाच्या तोंडाशी बसते. वर येणारा वेग फारच कमी झाला तर ज्योत आत शिरते. गॅस बंद करताना येणारा तो 'फट्' आवाज म्हणजे बर्नरमध्ये उरलेलं मिश्रण एकदम जळल्याचा. सिम फारच बारीक असेल तर पंख्याच्या किंवा खिडकीच्या वाऱ्यानेही ज्योत विझते, आणि धोका आहे तो इथे. साध्या शेगडीला ज्योत विझल्याचं कळत नाही, गॅस येतच राहतो. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. तो वर जाऊन खिडकीबाहेर पडत नाही, ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झालं तरी ठिणगी पुरते. सिमवर दूध ठेवून दुसऱ्या खोलीत जाणं म्हणूनच बरं नाही. वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. काही नव्या शेगड्यांत बर्नरशेजारी एक बारीक धातूची कांडी असते. ज्योतीने ती तापली की तिच्यात किंचितशी वीज तयार होते, तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली, कांडी निवली की झडप आपोआप बंद. पेटवल्यावर बटण दोन-चार सेकंद दाबून धरावं लागतं ते ती कांडी तापेपर्यंत. नवी शेगडी घेणार असाल तर काचेच्या रंगापेक्षा हे आहे का ते आधी विचारा.

मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आलेल्या घरांत एक तक्रार ऐकू येते: "फुल्ल छान आहे, पण सिम टिकत नाही." पाइपमधला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हलका असतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, दाबही थोडा कमी. तेवढीच आच मिळायला जेटचं भोक क्षेत्रफळाने जवळपास दुप्पट लागतं, म्हणून जोडणी करताना जेट बदलतात. पण कॉकमधलं ते सुईच्या टोकाएवढं भोक जुन्या गॅसच्या मापाचंच राहिलं तर सिमला उष्णता निम्मीच मिळते. काही कॉकना सिमसाठी वेगळा बारीक स्क्रू असतो, तो जाणकाराकडून जुळवून घेता येतो. उलट प्रकार जास्त वाईट: पाइपच्या गॅसची शेगडी गावी नेऊन तशीच सिलिंडरला जोडली तर आच जवळपास दुप्पट होते आणि हवा पुरी पडत नाही. पिवळे लोळ उठतात. जेट बदलल्याशिवाय ती पेटवू नये.

आणि जेटमध्ये टाचणी घालणं. मीही घालत असे. पितळ मऊ असतं आणि टाचणीचं पोलाद कडक. ०.७ मिलिमीटरचं भोक घासून ०.८ झालं तर डोळ्याला कळतही नाही, पण गॅस तीस टक्के वाढतो आणि तो जन्मभर वाढलेलाच राहतो. काकांनी जेट काढून फुंकून साफ केला, रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसला आणि उजेडात धरून बघितला. मग शंकूवर उष्णतेला टिकणारं खास ग्रीस अगदी पातळ लावलं, भोकांत जाऊ नये म्हणून बोटाने निपटून घेतलं. "याला घरचं गोडंतेल लावतात लोक," ते म्हणाले, "दोन दिवस बटण हलकं फिरतं, मग तेल जळून चिकट होतं आणि घट्ट बसतं, नाहीतर गळायला लागतं."

सगळं बसवून झाल्यावर त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला, रेग्युलेटर चालू केला आणि ब्रशने कॉकच्या भोवती, नळीच्या तोंडाशी, जेटच्या जोडाशी फेस लावला. आम्ही दोघं वाकून मिनिटभर बघत राहिलो. एकही बुडबुडा फुगला नाही. मग त्यांनी बटण दाबून फुल्ल केलं, लायटर ओढला आणि बटण शेवटपर्यंत नेलं. बर्नरभोवती निळ्या मण्यांची माळ बसली, एकही मणी गळलेला नाही. "आता पंखा लावा," ते म्हणाले. माळ थरथरली, पण विझली नाही.